पिकअपवाला आलाच नाही, नोंद मात्र ‘ग्राहक घरी नाही’

प्रश्न : मी फोंडा तालुक्यातल्या एका गावात राहते. प्राथमिक शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. चवथीच्या तोंडावर खरेदीच्या एका मोठ्या ॲपवरून ४,८९९ रुपयांचा मिक्सर मागवला. पैसे यूपीआयने आधीच भरले. पातोळ्यांसाठी भिजवलेले तांदूळ वाटायला घेतले, तर भांड्याच्या बुडातून पाणी गळून खाली मोटरीत गेलं, जळका वास आला आणि मिक्सर बंद. ऐन सणात शेजारणीच्या रगड्यावर वाटण करावं लागलं. वस्तू सात दिवसांत परत करता येते असं ॲपवर होतं, म्हणून तिसऱ्याच दिवशी मी रिटर्न नोंदवला. न्यायला तीन वेळा यायचं ठरलं, पण कुणी आलं नाही आणि तिन्ही वेळा मेसेज मात्र आला, ‘ग्राहक घरी नसल्यामुळे पिकअप झालं नाही.’ मी तर दिवसभर घरात! शेवटी मुदत संपली म्हणून विनंतीच रद्द झाली. फोन करावा तर दर वेळी नवी मुलगी, दर वेळी सगळं पहिल्यापासून सांगायचं. चॅटवर ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ यापलीकडे काही नाही. परवा पाचशे रुपयांचं कूपन देऊ केलं. एकदा त्या मुलीवर मी खूप ओरडले आणि मग रात्रभर झोप लागली नाही. ओळखीच्या एकाने इंटरनेटवर शोधून कस्टमर केअरचा दुसराच नंबर दिला. तिथला माणूस फोनवर एक ॲप घालायला सांगू लागला, तेव्हा मी फोन ठेवून दिला. मुलगा पुण्याहून सांगतो, ‘आई, पाच हजारांसाठी जिवाला घोर लावून घेऊ नकोस, सोडून दे.’ सोडून देऊ का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

सोडू नका. पैसे तुमच्या पेन्शनचे आहेत, वस्तू खराब निघाली आहे, आणि तुम्ही मुदतीच्या आत परत करायला तयार होता. तुमची बाजू भक्कम आहे. फक्त ती आजवर कागदावर आलेली नाही. पुढचं सगळं त्याबद्दलच लिहिणार आहे, पण आधी त्या दुसऱ्या नंबरविषयी दोन शब्द, कारण तिथे पाच हजारांहून खूप जास्त नुकसान होऊ शकलं असतं.

तुम्ही फोन ठेवलात, फार चांगलं केलंत. वैतागलेला माणूस कंपनीचा नंबर इंटरनेटवर शोधतो हे भामट्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून ते मोठमोठ्या कंपन्यांच्या नावाने खोटे नंबर पसरवून ठेवतात. समोरचा माणूस फार गोड बोलतो, ‘मॅडम, तुमचा रिफंड लगेच करतो’ म्हणतो आणि एक ॲप घालायला सांगतो. त्या ॲपमधून तुमच्या फोनचा पडदा त्याला दिसायला लागतो. मग तो बँकेचं ॲप उघडायला लावतो, नाहीतर पैसे ‘स्वीकारण्यासाठी’ पिन टाकायला सांगतो. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन फक्त पैसे द्यायला लागतो. तेव्हा कंपनीचा नंबर घ्यायचा तो ज्या ॲपवरून खरेदी केली त्या ॲपमधूनच. त्या माणसाने सांगितलेलं ॲप चुकून घातलं गेलं असेल तर ते आत्ता काढून टाका आणि बँकेचं पासबुक भरून व्यवहार तपासा. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेलाही लेखी कळवा. ग्राहकाचा हलगर्जीपणा नसताना तिसऱ्याच कुणी पैसे उचलले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर नुकसान त्याच्यावर पडत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७चा नियम आहे. पिन किंवा ओटीपी आपणच दिला असेल तर गोष्ट अवघड होते. म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

आता मिक्सर.

तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट सारखी डोळ्यांत येत होती. तुम्ही केलं ते सगळं बोलून केलं. फोनवर सांगितलं, पुन्हा सांगितलं, ओरडून सांगितलं. आणि कंपनीने केलं ते सगळं तिच्याकडे लिहिलेलं आहे : अमुक तारखेला पिकअपचा प्रयत्न, ग्राहक घरी नाही; तमुक तारखेला पुन्हा प्रयत्न, ग्राहक घरी नाही; मुदत संपली, विनंती रद्द. उद्या तिसऱ्या कुणी हे प्रकरण उघडलं तर त्याला कंपनीची बाजू तारीखवार दिसेल आणि तुमच्या बाजूने काहीच दिसणार नाही. खरं तुमचं असूनही! म्हणून माझा सल्ला एकच आहे. फोन बंद करा आणि लिहायला घ्या. जन्मभर मुलांच्या वह्या तपासलेल्या माणसाला हे काम जड जाऊ नये.

सुरुवात बिलापासून करा. ॲपमध्ये ऑर्डर उघडली की बिल उतरवून घेता येतं. त्यावर ‘सोल्ड बाय’ असं लिहिलेलं असतं ते वाचा. बहुतेक वेळा तिथे ॲपचं नाव नसून भलत्याच एका कंपनीचं नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक दिसतो. तोच तुमचा खरा विक्रेता. ॲप म्हणजे विक्रेत्यांना जागा देणारा बाजार. ‘आम्ही फक्त मध्यस्थ, विक्रेत्याशी बोला’ हे वाक्य याच फरकातून येतं, आणि ग्राहक दोघांच्या मध्ये लोंबकळत राहतो. पण २०२०च्या जुलैपासून देशात ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम लागू आहेत आणि त्यांनी दोघांवरही जबाबदारी टाकली आहे. वस्तू सदोष निघाली, जाहिरातीत सांगितल्यासारखी नसली, तर ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. आणि ॲपने तक्रार निवारण अधिकारी नेमलाच पाहिजे, त्याचं नाव, पद आणि संपर्क लोकांना दिसेल असा ठेवला पाहिजे. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची. प्रत्येक तक्रारीला क्रमांकही द्यायचा, म्हणजे तुम्हाला दर वेळी नव्या मुलीला रामायण सांगत बसायला नको.

हा अधिकारी कस्टमर केअरच्या पहिल्या पानावर भेटत नाही. ॲपच्या अगदी तळाशी, अटी, गोपनीयता वगैरेंच्या रांगेत ‘ग्रीव्हन्स ऑफिसर’ किंवा ‘तक्रार निवारण’ अशी ओळ असते. मोबाइलवर सापडली नाही तर संगणकावर त्यांची वेबसाइट उघडून शेवटपर्यंत खाली जा. तिथे ईमेल असतो. तुमचं पत्र त्याला जाऊ दे, विक्रेत्याचा ईमेल मिळाला तर प्रत त्यालाही.

पत्र लहान ठेवा. सण, पातोळ्या, झोप न लागणं, हे सगळं खरं आहे आणि मला लिहिलंत ते बरंच केलंत. पण त्या अधिकाऱ्यासाठी तारखा, रक्कम, दोष आणि मागणी एवढंच. असं काही :

‘विषय : ऑर्डर क्रमांक …, सदोष मिक्सर आणि पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत.

वरील ऑर्डरने घेतलेला मिक्सर मला दि. … रोजी मिळाला. किंमत ४,८९९ रुपये, यूपीआय व्यवहार क्रमांक … . पहिल्याच वापरात भांड्याच्या बुडातून गळती होऊन मोटर बंद पडली. फोटो सोबत आहेत. दि. … रोजी, म्हणजे आपण दिलेल्या सात दिवसांच्या आत, मी रिटर्न नोंदवला. दि. …, … आणि … या दिवशी आपल्या नोंदीत ग्राहक घरी नसल्याचं म्हटलं आहे. या तिन्ही दिवशी मी घरी होते आणि पिकअपसाठी मला कुणाचाही फोन आला नाही. कॉल-नोंदींचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. रिटर्न माझ्यामुळे राहिलेला नाही. कृपया मिक्सर घेऊन जाण्याची व्यवस्था करावी आणि पूर्ण रक्कम ज्या खात्यातून भरली त्याच खात्यात जमा करावी. कूपन मला मान्य नाही. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार ४८ तासांत पोच आणि एक महिन्यात निर्णय अपेक्षित आहे. तसं न झाल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.’

इंग्रजीत पाठवलं तर त्यांच्या कार्यालयात ते लवकर पुढे सरकेल. मुलाला म्हणावं, ‘सोडून दे’ म्हणण्यापेक्षा एवढं भाषांतर करून दे.

त्यातला कॉल-नोंदींचा मुद्दा तुमच्या प्रकरणाचा कणा आहे, म्हणून तिथे जरा थांबते. गोव्यातल्या गावांत पत्ता म्हणजे घर नंबर, वाडा आणि देवळाजवळ की चॅपलजवळ. बाहेरून आलेल्या डिलिव्हरीच्या मुलाला तेवढ्यावर घर सापडणं कठीण, त्यामुळे तो फोन करतोच. ‘मॅडम, लँडमार्क सांगा’ हा फोन गावात प्रत्येकाने घेतलेला आहे. जो खरोखर तुमच्या वाड्यापर्यंत आला, त्याने फोन केला असताच. तेव्हा ज्या तीन दिवशी ‘ग्राहक घरी नाही’ असा मेसेज आला, त्या तीन दिवसांची तुमच्या फोनमधली आलेल्या आणि चुकलेल्या कॉलची यादी उघडा आणि स्क्रीनशॉट घ्या. आजच घ्या, जुन्या नोंदी फोनमधून निघून जातात. ‘घरी नाही’चे ते मेसेजही वेळेसकट जपून ठेवा. सकाळी सव्वाआठला ‘पिकअपचा प्रयत्न झाला’ असा मेसेज आणि त्याआधी तुमच्या फोनवर एकही अनोळखी कॉल नाही, असं असेल तर वेगळं काही सांगायची गरज उरत नाही. इतर वाचकांनाही हेच सांगते : पिकअपच्या दिवशी कुणी फिरकलं नाही तर संध्याकाळीच ॲपच्या चॅटवर एक ओळ टाका, ‘आज दिवसभर घरी होते, कुणी आलं नाही, फोन आला नाही.’ उत्तर काय येतं याला महत्त्व नाही. तुमची ओळ त्या तारखेला त्यांच्याच नोंदीत बसते.

‘मुदत संपली’ याला घाबरू नका. मुदत मोजायची ती तुम्ही रिटर्न नोंदवलात त्या दिवशी. पिकअप त्यांना जमलं नाही त्या दिवशी नव्हे. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष वस्तू परत न घेणं आणि पैसे न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत, लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत. तुमचा अर्ज दोन्हींत बसतो.

कूपन घेऊ नका. त्या चॅटमध्ये खाली ‘तुमची समस्या सुटली का?’ असं विचारणारं बटण येईल, त्यावर ‘हो’ दाबू नका. एकदा दाबलं की तक्रार त्यांच्या दृष्टीने मिटली, आणि पुढे ‘ग्राहकाने तडजोड स्वीकारली होती’ असं म्हणायला त्यांना जागा मिळते. खराब वस्तूच्या बदल्यात पुन्हा त्यांच्याचकडे खरेदी करायची सक्ती हा काही परतावा नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानेही २०२४च्या ऑक्टोबरमध्ये टॅक्सीच्या एका मोठ्या ॲपला बजावलं होतं की परतावा बँक खात्यात हवा की कूपनने, हे ग्राहकाला निवडता आलं पाहिजे.

ईमेल गेला की त्याच दिवशी आणखी एक काम करा. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं, सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते. व्हॉट्सॲपवर ८८००० ०१९१५ या क्रमांकाला लिहूनही तक्रार देता येते, आणि तुम्ही लिहूनच द्या. ही हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नव्हे, कंपनीला ती हुकूम देऊ शकत नाही. ती तुमची तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते. पण बऱ्याच मोठ्या कंपन्या तिच्याशी जोडलेल्या आहेत, आणि तिथून आलेली तक्रार त्यांच्याकडे वेगळ्या टेबलावर जाते. जे महिनाभर फोन करून हललं नाही ते इथून हललेलं मी वाचकांच्या पत्रांत पुष्कळदा वाचलं आहे. मात्र फोन केलात तर तक्रार क्रमांक मिळाल्याशिवाय ठेवू नका.

आता त्या मुलीविषयी. तुम्हाला झोप लागली नाही, यावरून तुमचा स्वभाव कळतो. फोन घेणारी मुलं बहुतेक वेळा त्या कंपनीची नोकरही नसतात. दुसऱ्या कुठल्या तरी शहरातल्या कंत्राटी केंद्रात बसून समोर लिहून दिलेली वाक्यं वाचत असतात. एका कॉलला किती वेळ घालवला याचा हिशोब त्यांच्याकडून मागितला जातो. तुमचा रिफंड मंजूर करायचा अधिकार तिच्या हातात नसतो, त्यामुळे तुम्ही ओरडलात तरी ती देऊ शकत नाही, आणि गोड बोललात तरी देऊ शकत नाही. ग्राहकाचा राग जिथे पोचायला हवा तिथे पोचू नये अशीच ही सगळी रचना आहे, याचा मला मनापासून संताप येतो. दोन गरीब माणसं एकमेकांशी भांडतात आणि ज्याने निर्णय घ्यायचा तो कुठेच दिसत नाही. तुम्ही तिची माफी मागायला पुन्हा फोन लावू नका, ती मुलगी आता सापडणारही नाही. पुढच्या वेळी जी कुणी फोन घेईल तिच्याकडून तक्रार क्रमांक घ्या, तिचं नाव विचारून वहीत तारीख-वेळेसकट लिहा आणि ‘बाई, तुझा दोष नाही’ म्हणून फोन ठेवा.

एक वाट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. मिक्सरवर बनवणाऱ्या कंपनीची वॉरंटी असेल. ती ॲपच्या रिटर्नपासून पूर्ण वेगळी आहे, रिटर्न रद्द झाला म्हणून वॉरंटी रद्द होत नाही. खोक्यातलं वॉरंटी कार्ड काढा आणि त्यावरच्या नंबरला फोन करून फोंड्यात, मडगावात किंवा पणजीत त्यांचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते विचारा. तिथे नेला की ते जॉबशीट करतात, म्हणजे काय बिघडलं याची छापील नोंद. पण दुरुस्तीला लगेच ‘हो’ म्हणू नका. तुम्हाला पैसे परत हवे असतील तर आधी फक्त तपासणी करून जॉबशीटवर दोष लिहून मागा. ‘भांड्याच्या बुडाच्या सीलमधून गळती, मोटरीत पाणी’ असं अधिकृत मेकॅनिकच्या अक्षरात आलं, की ‘ग्राहकाने नीट वापरला नाही’ हे उत्तर तिथेच गळून पडतं. तोवर मिक्सर पुन्हा चालू करून बघू नका, घरात कुणाला खोलूही देऊ नका. गावातल्या इलेक्ट्रिशियनने स्क्रू जरी काढला तरी वॉरंटीचा वाद सुरू होतो.

एवढं करून महिना उलटला आणि पैसे आले नाहीत, तर जिल्हा ग्राहक आयोग. हे नाव ऐकलं की लोकांना कोर्टकचेरी, वकील आणि बंगळूरच्या खेपा आठवतात. तसं काही नाही. २०१९च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. कंपनी कुठल्या का शहरात असेना, तिने तुमच्या जिल्ह्यात यायचं. ॲपच्या अटींत ‘वाद अमुक शहरातच चालेल’ असं लिहिलेलं असलं तरी कायद्याने दिलेला तुमचा हा हक्क जात नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी शून्य आहे. वकील सक्तीचा नाही. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, त्यामुळे घाईही नाही.

तुमचा जिल्हा कुठला, याबद्दल फोंड्यातली माणसं अजून गोंधळतात. फोंडा तालुका पूर्वी उत्तर गोव्यात होता, २०१५ साली तो दक्षिण गोव्यात गेला. म्हणून तुमची तक्रार दक्षिण गोव्याच्या आयोगाकडे, म्हणजे मडगावला. पणजीला कागद घेऊन जाऊ नका. खरं तर मडगावलाही लगेच जायची गरज नाही. ई-जागृती नावाचं सरकारी पोर्टल १ जानेवारी २०२५ पासून सुरू आहे, त्यावर घरबसल्या तक्रार दाखल होते. सुनावणी व्हिडिओवर घ्यावी अशी विनंती करायची सोयही कायद्यात आहे. तक्रारीत ॲप आणि विक्रेता या दोघांनाही प्रतिपक्ष करा, नाहीतर एक दुसऱ्याकडे बोट दाखवत राहील. मागणी वाजवी ठेवा : मिक्सरची पूर्ण किंमत, झालेल्या त्रासाची मोजकी भरपाई आणि खर्च. पाच हजारांच्या मिक्सरसाठी पाच लाख मागितले की आपल्याच कागदाचं वजन जातं. अडलंत तर ग्राहकांसाठी वर्षानुवर्षं काम करणारी गोवाकॅन ही संस्था गोव्यात आहे, तिथे विचारा.

वेळेबद्दल तुम्हाला फसवणार नाही. तपासणी लागत नसलेली तक्रार नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त काळ जातो. तेवढी चिकाटी ठेवायची की नाही हे तुमच्या तब्येतीवर आणि मनावर आहे, आणि त्या पायरीला थांबायचं ठरवलंत तर त्यात कमीपणा नाही. पण अधिकाऱ्याला ईमेल, १९१५ आणि जॉबशीट, एवढं तरी करायचंच. त्याला एक दुपार आणि सर्व्हिस सेंटरची एक फेरी पुरते.

मुलावर रागावू नका. त्याला तुमची काळजी आहे. त्याच्या पिढीला वस्तू मागवणं आणि परत पाठवणं हा रोजचा व्यवहार झाला आहे, एखादी अडकली तर ते सोडून पुढे जातात. पण तो ज्या पुण्यात राहतो तिथेच १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली. अशाच छोट्या रकमांसाठी, साध्या गिऱ्हाइकांनी केलेल्या तक्रारींतून ती चळवळ वाढली आणि १९८६चा ग्राहक संरक्षण कायदा येण्यामागे त्या माणसांची मेहनत होती. पाच हजार कमी म्हणून सगळ्यांनी सोडलं असतं तर आज तुमच्या हातात ४८ तासांचा नियमही नसता. हे त्याला एकदा निवांत सांगा.

पुढच्या खरेदीचं विचारलं नाहीत, तरी माझं मत सांगते. मोटर असलेली वस्तू, मिक्सर, पंप, वॉशिंग मशीन, ओळखीच्या दुकानातून घेतलेली बरी. फोंड्याच्या बाजारात दुकानदार प्लग लावून, भांड्यात पाणी घालून चालवून दाखवतो आणि बिघडलं तर त्याचं तोंड आपल्याला माहीत असतं. चारदोनशे रुपये जास्त गेले तरी जाऊ द्या. ऑनलाइनच घ्यायची असेल तर उघडून दाखवूनच ताबा देण्याची सोय काही वस्तूंना मिळते ती निवडा, आणि खोकं बघण्याआधी ओटीपी सांगू नका. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ हवाच असं कुठला कायदा म्हणत नाही, पण असला तर वाद लवकर मिटतो.

आणि पत्र गेल्यावर अचानक पिकअपवाला दारात आला, तर आनंदाच्या भरात मिक्सर नुसता हातात देऊ नका. सगळी भांडी, झाकणं, वॉरंटी कार्ड खोक्यात भरून उघड्या खोक्याचा फोटो काढा, खोक्यावरच्या लेबलाचाही काढा, आणि पिकअप झाल्याचा मेसेज तुमच्या फोनवर आल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नका. त्या मुलाशी वाद घालायचं कारण नाही, तो कदाचित पहिल्यांदाच तुमच्या वाड्यात आलेला असेल. जॉबशीटची मूळ प्रत तुमच्याकडेच ठेवा. मग ॲपवर ‘रिफंड केला’ असं येईल. तो तुमच्या बँक खात्यात जातोय की ॲपच्याच वॉलेटमध्ये, ते नीट वाचा. दिलेल्या मुदतीत खात्यात पैसे दिसले नाहीत तर ‘रिफंडचा आरआरएन नंबर द्या’ एवढंच लेखी मागा. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला हा बारा आकडी क्रमांक असतो, आणि तो घेऊन बँकेत गेलात तर पैसे कुठे अडकले ते बँकेला शोधता येतं. कार्डाने पैसे भरलेल्यांनी एआरएन नंबर मागायचा. क्रमांक देता आला नाही, तर पैसे अजून निघालेलेच नाहीत असं समजून तो ईमेल त्याच अधिकाऱ्याला, त्याच तक्रार क्रमांकाखाली पुन्हा पाठवा.